मनाच्या डॉक्टरकडे जाताना

।। श्रीगुरवे नमः ।।



एक प्रश्न आपल्या जवळजवळ प्रत्येक केंद्रातून येतो. इंदूर असो, बडोदे असो, बेळगाव असो की फोंडा, शब्द वेगळे असतात पण गाभा एकच. "नामस्मरण चालू आहे, पोथी चालू आहे, तरी मन थाऱ्यावर नाही. झोप नाही, कशात रस नाही. घरचे म्हणतात मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊ या. पण गेलो तर गुरूंवरचा विश्वास कमी पडला असं होईल ना?"

हा प्रश्न विचारणारी माणसं बहुधा चांगली साधक असतात, म्हणूनच तो त्यांना छळतो. ज्याला श्रद्धेचं काही पडलेलं नाही, तो डॉक्टरकडे जाऊन येतो आणि मोकळा होतो. श्रद्धावान माणूस मात्र दोनदा भोगतो. एकदा आजार भोगतो आणि मग आजारी पडल्याची लाज भोगतो.

आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो : जावं. का जावं, आणि गेल्यावर काय काय होतं, याचा आज शांतपणे विचार करू या.

*आपली परंपरा काय सांगते*

पुष्कळांना वाटतं की मनाच्या आजाराला औषध ही पाश्चात्त्यांची कल्पना, आपल्याकडे यावर फक्त भक्तीचाच उपाय. तसं नाही. चरकसंहितेत उपचारांचे तीन प्रकार सांगितले आहेत. दैवव्यपाश्रय, म्हणजे मंत्र, होम, उपवास, नियम यांचा. युक्तिव्यपाश्रय, म्हणजे विचारपूर्वक योजलेला आहार आणि औषध. आणि सत्त्वावजय, म्हणजे अहितकारक गोष्टींपासून मन आवरून धरणे. हे तिन्ही शेजारी शेजारी ठेवले आहेत. मंत्र म्हटला म्हणून औषध वर्ज्य, असा भेद त्या ग्रंथाने केला नाही. उन्मादाच्या चिकित्सेचा वेगळा अध्यायच त्यात आहे.

समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात तीन ताप सांगितले. त्यांतल्या आध्यात्मिक तापात देहाच्या रोगांची केवढी मोठी यादी आहे, ती ज्यांनी वाचली त्यांना माहीत आहे. देह आहे म्हणून हे भोग आहेत, असं ते विवेचन आहे. मेंदू हाही देहाचाच भाग. मग पोटाचा विकार देहाचा आणि मेंदूचा विकार तेवढा भक्तीच्या उणिवेचा, हा न्याय आपण कुठून आणला?

एक साधं उदाहरण घ्या. थायरॉइडचं काम मंदावलं की माणूस सुस्त, उदास होतो, जपात लक्ष लागत नाही. बी-12 या जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी माणसांत बरीच आढळते, आणि तिच्यामुळेही विस्मरण होतं, मन खिन्न होतं. अशा माणसाला "आणखी दोन माळा वाढवा" म्हणून सांगितलं, तर तो माळा वाढवेल, तरी उदासच राहील, आणि शेवटी आपल्याच नामावरचा विश्वास गमावेल. रक्ततपासणीने जे दोन दिवसांत कळलं असतं, त्यासाठी त्याची श्रद्धा खर्ची पडली.

*दुसरी बाजूही ऐकू या*

काही ज्येष्ठ साधक म्हणतात, "दुःख हा माणसाला अंतर्मुख करणारा शिक्षक आहे. प्रत्येक दुःखावर गोळी घेतली तर माणूस शिकणार कधी?" या म्हणण्यात तथ्य आहे. गीतेचा पहिला अध्यायच अर्जुनाच्या विषादाचा आहे, आणि त्या विषादातूनच पुढचं सगळं ज्ञान उघडलं. घरातलं माणूस गेलं, व्यवसाय बुडाला, मुलगा दूर गेला, तर रडू येणारच. ते दुःख निभवायला माणसं, वेळ आणि उपासना लागते. चांगला डॉक्टरही अशा वेळी उगाच गोळ्या देत नाही.

पण एक फरक पाहा. अर्जुन प्रश्न विचारत होता, उत्तर ऐकत होता, शंका काढत होता. त्याची बुद्धी जागी होती. दुःख शिक्षक व्हायचं, तर विद्यार्थ्याला ऐकू यायला हवं. दोन-दोन आठवडे रोज उदासी, पहाटे तीनला जाग येऊन छातीत धडधड, जेवणाची वासना मेलेली, अंघोळसुद्धा डोंगराएवढी वाटते, "मी सगळ्यांना भार झालो" हेच डोक्यात फिरतं, अशा माणसाला कोणता बोध पोचणार? किंवा उलट, तीन-तीन रात्री झोप नाही तरी अंगात अफाट उत्साह, पैसे उधळणं, "मला सिद्धी मिळाली" असं सगळ्यांना सांगत सुटणं. त्याला आपण साधनेची प्रगती म्हणून हार घालायचा का? मुळीच नाही. त्याला लवकरात लवकर डॉक्टर दाखवायचा.

औषध बोध देत नाही, हे खरंच आहे. बोध ऐकू येईल एवढी शांतता मात्र ते पुष्कळदा परत आणून देतं.

*कोणाकडे जायचं*

मानसोपचारतज्ज्ञ हा आधी एम.बी.बी.एस. आणि मग या विषयातलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. तो तपासतो, निदान करतो, औषध लिहून देतो. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात, औषध देत नाहीत. कित्येकांना दोघांचीही गरज लागते. डॉक्टरच्या चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक असतो, तो पाहून घ्यावा.

खाजगी डॉक्टरकडे जायचं तर फोनवरच मोकळेपणी विचारावं : पहिल्या भेटीची फी किती, पुन्हा दाखवायला किती, भेट किती वेळाची, अडचणीच्या वेळी कोणाला फोन करायचा. यात संकोच नको. हा उपचार काही महिने चालतो. तीन भेटींनंतर पैशांअभावी सोडून देण्यापेक्षा आधीच हिशेब केलेला बरा. परवडत नसेल तर सरकारी सोय आहे. गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण संस्था, बेळगावकरांना धारवाडची, बडोद्यात कारेलीबागेतलं रुग्णालय, इंदुरात बाणगंगेचं, ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाळा, हैदराबादेत एर्रागड्डा. ही नावं ऐकली की आपल्याकडे अजून लोक थट्टा करतात. पण तिथे रोज कितीतरी साधी, नोकरीधंदा करणारी माणसं बाह्यरुग्ण विभागात दाखवून, औषध घेऊन घरी जातात.

*पहिल्या भेटीत काय होतं*

पहिली भेट बहुतेक मोठी असते. डॉक्टर विचारतात : त्रास कधीपासून, झोप कशी, भूक कशी, कामात लक्ष लागतं का, पूर्वी असं झालं होतं का, घराण्यात कोणाला होता का, तंबाखू-दारू आहे का, दुसरे आजार कोणते, कोणती औषधं चालू आहेत. आणि हेही विचारतात : "जीव द्यावासा वाटतो का?" या प्रश्नाने दचकू नये. विचारल्याने असा विचार मनात रुजत नाही, उलट कित्येकांना बोलायला प्रथमच वाट मिळते.

बऱ्याचदा रक्ततपासणी सांगतात. निदानाचं नाव पहिल्याच दिवशी मिळेल असं नाही. काही वेळा दोन-तीन भेटींनंतर चित्र स्पष्ट होतं. याचा अर्थ डॉक्टरला कळत नाही असा नव्हे. जाताना जुनी कागदपत्रं, चालू गोळ्यांची पाकिटं आणि एका कागदावर त्रासाची टिपणं घेऊन जावं, कारण समोर बसलं की निम्मं विसरायला होतं.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या घरांची एक वेगळी अडचण असते. बाजारात आपण गुजराती, कन्नड, हिंदी, तेलुगू सहज बोलतो, पण आतलं दुःख मराठीतच येतं. "करमत नाही" याला दुसऱ्या भाषेत नेमका शब्द सापडत नाही. "जीव नकोसा झाला" हे आपण उकाड्यालाही म्हणतो आणि खरोखर जगणं असह्य झाल्यावरही म्हणतो. आजी मराठीत बोलते आणि नातू डॉक्टरला सांगताना "त्यांना बोअर होतं" एवढंच सांगतो. म्हणून मराठी समजणारा डॉक्टर मिळाला तर उत्तम. नाहीतर मधे बोलणाऱ्याने शब्द सौम्य न करता, जसाच्या तसा अर्थ पोचवावा. आणि काही वेळ रुग्णाला एकट्याने डॉक्टरशी बोलू द्यावं. मुलासमोर आई सगळं सांगत नाही, सुनेसमोर तर नाहीच.

*डॉक्टरपाशी सत्य*

सत्य हे आपण व्रत मानतो, मग डॉक्टरपाशी लपवालपवी का? लाजेपोटी माणसं तंबाखू लपवतात, घरातली भांडणं लपवतात. आणि साधक मंडळी आणखी एक गोष्ट लपवतात : आपली साधना. "डॉक्टर हसतील" म्हणून उपवास, जागरणं, मौन, वैद्याचे काढे यांतलं काहीच सांगत नाहीत.

हे सांगणं अतिशय महत्त्वाचं आहे. लिथियम नावाचं औषध कित्येकांना दिलं जातं. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं त्याचं प्रमाण धोकादायक वाढू शकतं. अशा माणसाने निर्जळी एकादशी करणं, अचानक मीठ सोडणं जिवावर बेतू शकतं. त्याची पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची रक्ततपासणीही वेळोवेळी करावी लागते. ज्याला अतिउत्साहाचे झटके येतात, त्याला एका रात्रीचं जागरणही पुन्हा आजारात ढकलू शकतं. काही औषधं गर्भाला अपाय करतात, म्हणून तरुण स्त्रियांनी तेही स्पष्ट विचारावं. अखंड नामसप्ताहात पहाऱ्याला नाव देताना अशा साधकाने दिवसाची वेळ घ्यावी, आणि संयोजकांनी कारण न विचारता द्यावी. आजाऱ्याने व्रत सोडलं तर व्रतभंग होत नाही. देह राखणं हाही त्याचा धर्मच आहे.

कानात आवाज येत असतील, कोणी मागावर आहे असं वाटत असेल, तेही सांगावं. तो अनुभव कुठल्या स्वरूपाचा आहे याचा निर्णय आपण सत्संगात बसून करू नये. आवाज जर स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, तर तो देवाचा नाही एवढं कोणत्याही साधकाला कळायला हवं.

*औषधांविषयी*

उदासीवरच्या गोळ्या आज घेतल्या आणि उद्या बरं वाटलं, असं होत नाही. साधारण दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. सुरुवातीच्या दिवसांत मळमळ, डोकेदुखी, थोडी अस्वस्थता होऊ शकते. म्हणजे त्रास आधी जाणवतो आणि गुण नंतर, आणि इथेच पुष्कळ जण "हे मला मानवत नाही" म्हणून बंद करतात. बंद न करता डॉक्टरला फोन करावा. या पहिल्या आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींकडे, घरच्यांनी बारीक लक्ष ठेवावं. बेचैनी फार वाढली किंवा मरणाचे विचार वाढले तर लगेच कळवावं.

"सवय लागेल का?" हा नेहमीचा प्रश्न. उदासीवरच्या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, पण एकदम बंद केल्या तर चक्कर, झिणझिण्या, बेचैनी येते. म्हणून त्या हळूहळू कमी करतात. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची मात्र खरोखर सवय लागते. त्या थोड्या दिवसांसाठीच असतात. जुन्या चिठ्ठीवर दुकानातून पुन्हा पुन्हा आणू नयेत, शेजारणीलाही देऊ नयेत.

बरं वाटू लागलं की लगेच औषध थांबवण्याचा मोह होतो. पहिल्या खेपेच्या उदासीतही बरं वाटल्यानंतर साधारण सहा महिने तरी औषध चालू ठेवायला सांगतात. काही आजारांत वर्षानुवर्षं लागतं. आणि एखाद्या डॉक्टरशी जमलं नाही, त्यांनी ऐकूनच घेतलं नाही, तर दुसऱ्याकडे जायला हरकत नाही. डॉक्टर बदलावा, पण उपचार सोडू नये.

*घरच्यांचा धर्म*

आता एक अवघड गोष्ट. कित्येक घरांत आजाऱ्याला "बी.पी. तपासायला चाललोय" असं सांगून मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात, किंवा चहात, वरणात गोळी कुटून घालतात. करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. ते थकलेले असतात, घाबरलेले असतात. त्यांना दोष देणं सोपं आहे, म्हणून आम्ही तो देत नाही.

तरी विचार करा. ज्याच्या आजाराचं रूपच "माझ्याविरुद्ध कट चालला आहे" हे आहे, त्याला एक दिवस कळलं की घरचे खरंच जेवणात काहीतरी घालतात, तर? त्याचा संशय खरा ठरला. मग तो औषधही सोडेल आणि अन्नही. ज्या हातचं खाऊन बरं व्हायचं, त्याच हातावरचा भरवसा गेला. म्हणून सत्य सांगावं, पण मऊ शब्दांत. "तुला वेड लागलंय" असं म्हणू नये. "तुला झोप नाही, तू कष्टी दिसतोस, आम्हाला बघवत नाही. एकदा जाऊन येऊ, मी बरोबर आहे" असं म्हणावं. तरी ऐकलं नाही तर घरच्यांनी आधी एकटं जाऊन डॉक्टरचा सल्ला घ्यावा. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाची संमती आणि गुप्तता यांना मान देतो, आणि ज्याची निर्णय घेण्याची शक्तीच आजाराने झाकली आहे त्याच्यासाठीही कायदेशीर वाट ठेवतो. त्याच कायद्याने विमा कंपन्यांवर मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा देण्याचं बंधन घातलं आहे. पॉलिसीतल्या अटी मात्र नीट वाचाव्यात.

"लग्न करून द्या, सुधारेल" हा सल्ला तर कोणीच देऊ नये. आजार लपवून लग्न लावणं म्हणजे एका जिवाच्या औषधासाठी दुसरा जीव वापरणं. उपचार घेऊन, खरं सांगून केलेले संसार सुखाने चालतात.

*आणि आपला, मंडळाचा*

गुरुबंधूंचं कर्तव्य तीन शब्दांत मावतं : ऐका, थांबा, झाका.

ऐका, म्हणजे उपदेश न करता ऐकून घ्या. थांबा, म्हणजे "गोळ्या सोडा, अंगारा पुरे आहे" हे शब्द ओठांवर येण्याआधी थांबा. औषध चालू-बंद करण्याचा अधिकार डॉक्टरचा. आपल्या शब्दाला श्रद्धेचं वजन असतं, म्हणून तो अधिकच जपून वापरायचा. झाका, म्हणजे ज्याने विश्वासाने सांगितलं त्याची गोष्ट या ग्रुपवर, पारायणाच्या पंगतीत, कुठेही नेऊ नका. "अमक्यासाठी प्रार्थना करा, त्याला डिप्रेशन आहे" असा मेसेज चांगल्या भावनेने टाकला तरी तो त्या माणसाला उघडा पाडतो. प्रार्थना करायची तर नाव न घेता करता येते. देवाला नाव माहीत असतं.

एका बाबतीत मात्र झाकायचं नाही. कोणी मरणाची भाषा बोलू लागला, निरवानिरव करू लागला, वस्तू वाटू लागला, तर गुप्ततेचं वचन बाजूला ठेवून घरच्यांना सांगा. त्याला एकटं सोडू नका. कीटकनाशकं, गोळ्यांचा साठा घरातून हलवा. डॉक्टरच्या भेटीची तारीख येईपर्यंत वाट न पाहता जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास अनेक भारतीय भाषांत मिळते. हा क्रमांक आजच प्रत्येकाने फोनमध्ये साठवून ठेवावा.

शेवटी मूळ प्रश्नाकडे येऊ. औषध घेतल्याने श्रद्धा कमी पडते का? ज्या सत्तेने नाम दिलं, तिनेच डॉक्टरला बुद्धी दिली, औषधाला गुण दिला, असं आपण मानतो की नाही? मानत असू, तर तिच्याच हातातला अर्धा प्रसाद घ्यायचा आणि अर्धा परत करायचा, हे कसं? सकाळी माळ झाली की गोळी घ्यावी. ज्या दिवशी माळ ओढण्याचंही बळ नसेल, त्या दिवशी गोळी घ्यावी आणि स्वस्थ पडून राहावं. त्या दिवसाचा जप आपण बाकीचे करू.

सर्वांचं कल्याण असो. 🙏